बाबांच्या मोबाईलची पिन

बाबा,

मोबाईल मीच खोलून बघितला. चार्जिंगची पिन गेलेली नाय. आत थोडी मूर्तीची माती होती, ती सुईनं काढली. पण भोकाभोवती वायर घसरून घसरून नुसते ओरखडे पडलेत.

म्हणून कव्हराखाली वायरलेस चार्जिंगची पट्टी बसवलीय. आता काय खोचायचं नाय. टीव्हीजवळच्या गोल चकतीवर मोबाईल मधोमध ठेवा, दिवा लागला की झालं.

आईला पिन गेलेली असंच सांगितलंय, तुमच्या हाताचं काय बोलले नाय.

मी रोह्याला शिफ्टला निघाले. डाळ गरम करून घ्या. रविवारी मला सुट्टी हाय, आपल्या मूर्तींच्या कारखान्यात तुमच्या बाजूला बसते. गणपतीच्या डोळ्यांची रेघ कुठं वळवायची ते तुम्ही सांगा, ब्रश मी धरते.

नमिता