गेरूखालचा डिंक

सोमवार, दिवेलागणीची वेळ

आज बोरी अरब गावाले दादाच्या बागेत गेलती. कपाशीची पऱ्हाटी मोडून आमी संत्रा लावला, तो त्याच्याच रोपांचा. "बाई, घरचीच कलमं हायेत, डोळे मिटून लाव," म्हणे. लावली. आता माह्या झाडायची साल फाटून राह्यली, बुंध्यातून डिंक गळते. डिंक्या रोग. सारी बाग जाते म्हणतात.

त्याच्या झाडायले मात्र कमरेइतका गेरू, देवळावानी झकास. मी सहज नखानं खरवडलं तं आत ओला डिंक. बोटाले चिकटला. म्हणजे त्याले माईत होतं? माईत असून भाऊबीजेले बहिणीले हेच रोपं देले?

"गेरू कायले लावला रे दादा?"

माह्याकडं न पाहताच म्हणे, "उधईसाठी. वाळवी लागते ना बुंध्याले."

चहा पिऊन निंगाली. दोनदा हात धुतला, बोट अजून चिकटच वाटते.

घरी आली तं आमच्या घरधन्यानं बादलीत गेरू भिजू घातलेला. उद्या बाग इकत घ्याले मानूस येनार हाय. "तू काही बोलू नोको," म्हणे.

गेरू लावाचा कुंचा सापडत नव्हता, तो मीच शोधून देला.