चष्म्याच्या डबीतली चिठ्ठी

प्रिय ठोंब्या,

पाकीट बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. म्हणजे जेवढे असायचो तेवढे. रविवारी फोनवर बोललो आणि बुधवारी आईचं पत्र, म्हणजे आता हिचंही डोकं चाललं, असं म्हणशील. तसं नाही. बाबा जेवून आरामखुर्चीत झोपलेत. त्यांची झोप पाऊण तासाची, त्यातली दहा मिनिटं मी चालणारं पेन शोधण्यात घालवली. हल्ली माझी सगळी कामं अशीच होतात, तुकड्यातुकड्यांत. अर्धा केर काढते, तेवढ्यात बाबा हाक मारतात, परत येते तर झाडू कुठे ठेवला ते सापडत नाही.

थकलेय रे मी. फोनवर हे सांगता येत नाही. तू ‘कशी आहेस’ विचारतोस, मी ‘मजेत’ म्हणते, आपलं ते ठरूनच गेलंय. शिवाय बाबा शेजारीच असतात. रविवारी अकराच्या आधी ते दाढी करतात, शर्ट बदलतात आणि फोनजवळ खुर्ची ओढून बसतात. तू माझं दुखणंखुपणं विचारतोस, ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस आणि ठेवतोस. मग ते मला विचारतात, ‘लाइन कट झाली का?’ मी हो म्हणते. गेले बारा रविवार आपल्या घरची लाइन कट होते आहे.

शाळेत असताना तू मित्रांना सांगायचास की माझी आई हॉस्पिटलात कुकर लावते. खोटं नव्हतं ते. बत्तीस वर्षं मी तळमजल्यावरच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत ऑपरेशनच्या कात्र्या आणि चिमटे वाफेवर निर्जंतुक केले, आणि ते मशीन म्हणजे भला थोरला कुकरच होता. ट्रेवरच्या पट्टीवर काळे पट्टे उमटले, म्हणजे वाफ पुरती लागली, की ट्रे वर पाठवायचा, नाही उमटले तर पुन्हा लावायचा. माझ्या ट्रेमुळे एकाही पेशंटची जखम चिघळली नाही, असं मोठ्या सिस्टरनी माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात सांगितलं, तेव्हा तू मागच्या रांगेत बसून केकचा दुसरा तुकडा खात होतास. ती सवय घरीही आलीच. तुझ्या बाटल्या, चमचे, सगळं उकळायचे. तुझा बदकाचा खुळखुळा उकळून त्याचा पिवळा गोळा केला, तो बाबा कितीतरी वर्षं कागदांवर वजन म्हणून ठेवत. तू मातीत खेळून आलास की म्हणायचे, ‘ठोंब्या, पळ, नाहीतर आई तुलाही उकळेल.’ जित्याची खोड म्हणतात ती ही.

तुझा डांबिस आमच्या गळ्यात पडला तो तुझ्या घरमालकिणीला कुत्रं चालत नव्हतं म्हणून. ‘दोनच महिने सांभाळा’ म्हणालास, त्याचं दीड वर्ष झालं. जाताना फ्रिजवर यादी चिकटवलीस, बाबांना वाचता यावी म्हणून मोठ्या, सुट्या अक्षरांत. हाड कच्चंच द्यायचं. त्याच्या तोंडापेक्षा मोठं द्यायचं. समोर बसायचं. पंधरा मिनिटांनी काढून घ्यायचं. शिजवलेलं कधीही नाही. या शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. आपण त्यावरून भांडलोही होतो. मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, शिजवलेलं हाड तर नकोच, त्याचे धारदार तुकडे होतात, पण कच्च्याचेही धोके आहेत. दात तुटतो, घशात अडकतं, आणि कच्च्या मांसावरचे जंतू घरभर होतात. घरात म्हातारं माणूस आणि त्याला उघडी जखम, तेव्हा हाड मुळीच दिलं नाही तरी कुत्र्याचं काही अडत नाही. हे मी तुला सांगितलं तर तू हसलास. ‘आई, जंतूंना तू घाबरतेस, कुत्री नाही घाबरत.’ त्याच आठवड्यात डांबिसने आरामखुर्चीचा पाय कुरतडला, आणि मीही म्हटलं, घ्या बाबांनो हाड.

आणि बाबांना त्यात काय सुख मिळायचं! जन्मभर चष्म्याच्या काचा घासल्या, एकही चष्मा चुकीच्या नंबरचा म्हणून परत आला नाही, आणि तोच माणूस आता सकाळचा चहा झाला की नाही ते मला विचारतो. पण शनिवारचं हाड विसरला नाही. मागच्या ओट्यावर स्टूल टाकून बसायचे, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरायचे, आणि पंधरा मिनिटं झाली की ‘डांबिस, वेळ संपली, पेपर खाली’ असं परीक्षेतल्या मास्तरांसारखं म्हणायचे. तोही मुकाट्याने हाड सोडायचा, आणि मग त्यांच्या पायाशी बसून नडगीवरची ती साखरेमुळे न भरणारी जखम चाटायचा. माझा जीव तिथे वरखाली व्हायचा. तेच तोंड हाडाला आणि तेच तोंड जखमेला. मी फडकं घेऊन धावायचे, तर दोघेही माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच घाण करायला आलेय.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. रविवारी त्याने खाल्लं नाही. सोमवारी कुंथत होता, रक्त पडलं. मंगळवारी पोट उघडलं, बुधवारी गेला. डॉक्टरीणबाईंनी स्टीलच्या वाटीत तुकडे दाखवले, सुयांसारखे, आणि म्हणाल्या, हे शिजवलेल्या हाडाचे आहेत. तू रात्रभर प्रवास करून आला होतास, डोळे लाल. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, सरळ बाबांकडे वळलास. ‘जेवताना ताटातलं हाड टाकलंत ना त्याला?’ बाबा बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, ‘आठवत नाही रे. पण टाकलं असेल. मीच टाकलं असेल.’ तू म्हणालास, एवढी मोठी अक्षरं लिहून ठेवली होती, तीही वाचता येत नाहीत का. आणि बाहेर निघून गेलास. त्याचा पट्टा माझ्या हातात होता. तो मी गुंडाळत होते आणि पुन्हा सोडत होते.

तुला राग यावा असंच ते होतं, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण तू गेल्यावर इथे काय झालं ते तुला ठाऊक नाही. बाबा सगळं विसरतात हे त्यांनाही कळतं, म्हणून त्यांनी त्या संध्याकाळी एक चिठ्ठी लिहिली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. ‘डांबिस माझ्या हातून गेला.’ रोज सकाळी ते उठतात, खुशीत असतात, चष्म्यासाठी डबी उघडतात आणि चिठ्ठी वाचतात. रोज त्यांना ते नव्याने कळतं. मग पलंगाच्या काठावर बसून राहतात, चहा गार होतो. एकदा मी ती चिठ्ठी फाडून टाकली. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळपर्यंत डांबिसला हाका मारल्या, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, शेवटी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी सांगितलं की तो गेला. घरी येऊन त्यांनी मला विचारलं, कसा गेला, आणि मी चहा टाकायला आत वळले. मग त्यांनी फ्रिजवरची यादी वाचली, स्वतःच अंदाज बांधला, आणि तीच चिठ्ठी पुन्हा लिहिली. अक्षरन् अक्षर तीच.

आता ऐक, ठोंब्या. ताटातलं हाड कोणी टाकलं नव्हतं. त्या शनिवारी सकाळी मटणवाल्याकडची पिशवी फ्रिजमध्ये गळली होती. लाल पाणी खालच्या कप्प्यात, बाबांच्या इन्सुलिनच्या डब्यापर्यंत. ते पुसताना माझं डोकं फिरलं. आदल्याच दिवशी जखमेला पू दिसला होता. मी ते हाड मोठ्या कुकरमध्ये तिरकं बसवलं आणि चार शिट्ट्या काढल्या. तुझी यादी समोर होती, दोन रेघांसकट. मला वाटलं, एवढं जाड हाड चार शिट्ट्यांत काय शिजतंय, वरवरचे जंतू तेवढे मरतील. कुत्र्याचंही समाधान आणि माझंही. गार केलं, पुसलं आणि बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडात धरून फिरवून पाहिलं, काच बघायचे तसं, आणि म्हणाले, ‘आज हे पांढरं दिसतंय गं.’ ज्या माणसाला चहा आठवत नाही, त्याच्या नजरेला तेवढं दिसलं. मी म्हटलं, ‘धुतलंय. तुम्ही द्या.’ आणि त्यांनी दिलं, माझ्यावर विश्वास ठेवून, घड्याळ हातात धरून. दवाखान्यात ते ‘मीच टाकलं असेल’ म्हणाले तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. बत्तीस वर्षांत एकही जखम चिघळू दिली नाही म्हणवणारी बाई होते ना मी. भीती वाटली की तू मलाही फोन करणं बंद करशील, आणि मग या घरात कोणाचाच फोन येणार नाही. लाज वाटते लिहायला, पण एवढंच कारण होतं.

बाबांना मी सांगितलं. एकदा नाही, सात-आठ वेळा. ते माझा हात थोपटतात आणि म्हणतात, ‘तू माझ्यावर पांघरूण घालतेस. जन्मभर घालत आलीस.’ माझ्या अक्षरातली चिठ्ठी डबीत ठेवून पाहिली, तर त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘ही मला वाचवते आहे.’ माझ्यावर त्यांचा विश्वास नाही असं नाही, नको इतका आहे. म्हणून हे पत्र. पाकिटात एक कोरा कागद घातलाय, डबीच्या मापाने कापलाय. त्यावर यादीसारख्या मोठ्या, सुट्या अक्षरांत लिही की बाबा, डांबिस तुमच्या हातून गेला नाही, आईने हाड शिजवलं होतं. माझं नाव टाकायला कचरू नकोस. तू त्यांच्यावर रागावला होतास, तेव्हा तू त्यांना वाचवायला लिहिणार नाहीस हे त्यांना पटेल. मला काय बोलायचं ते रविवारी बोल, पण आधी फोन त्यांना दे म्हण. आणि नुसता फोन नको, कागदही पाठव. फोन ते दुपारपर्यंत विसरतील. कागद दुसऱ्या दिवशी सकाळीही डबीत असेल.

रागावलास तरी तुझीच,
आई