मनगट ठीक आहे

१२ फेब्रुवारी २०१२, रविवार

दिसली! तीन वर्षं नुसतं ऐकत होतो, आज दिसली. स्टेशनपुढच्या सिग्नलला माझ्या शेजारी येऊन थांबली — टोळीवाल्या सोनोदा म्हाताऱ्याची काळी सेल्सिओर. मागच्या काचांना करडे पडदे, आत कोण ते दिसत नाही. पण साकाईत ते कुणी विचारत नाही. मागचा बसवाला सिग्नल सुटल्यावरसुद्धा हॉर्न न वाजवता थांबून राहिला.

मी चाकं बघत होतो. गाडी फक्त दोन बोटं खाली बसवलेली. मडगार्ड चारही बाजूंनी अंगठ्याएवढं बाहेर ओढलेलं, पुट्टी न भरता, नुसता पत्रा तापवून. काम केलंय हे दिसू नये हेच काम, असं उस्ताद म्हणायचे. हल्लीच्या पोरांना ते कळत नाही. पोरं चाकं तिरकी करतात, गाडी रस्त्याला घासेपर्यंत पाडतात, आरशाला रेशमी झुपका लावतात, पडदे लावतात — आणि आत कोण? तर भाजीवाल्याचा मुलगा! सगळी सोंगं या टोळीवाल्यांच्या गाड्या बघून घेतलेली. पण खरी गाडी अशी असते.

आणि ती मुकाईने केलीये. मुकाईने! माझ्यानंतर वर्षभराने उस्तादांकडे लागला. पहिले सहा महिने मीच त्याला हातोडी धरायला शिकवली. अजून मला दादा म्हणतो.

मागच्या डाव्या मडगार्डाच्या कडेला एक बारीक लहर राहिलीये. दुसऱ्या कुणाला दिसायची नाही. मला दिसली आणि बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

घरी सांगितलं तर फुसाए म्हणाली, "अहो, सुटलात म्हणा. त्या लोकांचं काम केलं तर आता पोलीस आधी ताकीद देतात, मग दुकानाचं नाव जाहीर करतात. बँकसुद्धा दारात उभं करत नाही."

तिला काय कळणार. सोनोदाची गाडी ज्याच्याकडे, तो साकाईतला पहिला हात. चाळीस वर्षं हे असंच आहे. नियम गेल्या वर्षी आला.

१४ फेब्रुवारी

दिवसभर एका दाईच्या छोट्या गाडीचा बंपर. पांढरा. तिने गाडीला ठेवलेलं नाव मोमो!

१९ फेब्रुवारी, रविवार

केस कापायला शिरोताकडे गेलो. मानेवर वस्तरा ठेवून म्हणतो, "हातानोसान, मनगट कसंय आता?"

मी म्हटलं, कसलं मनगट?

"नाही, परवा एक गिऱ्हाईक विचारत होतं. हातानोचं मनगट खरंच कामातून गेलंय का म्हणून. मुकाईच म्हणाला म्हणे. शिडीवरून पडले तेव्हापासून दादांना हातोडी पेलत नाही."

वस्तरा होता म्हणून बरं, नाहीतर उठून उभाच राहिलो असतो. तीन वर्षांपूर्वी पडलो होतो, खरं आहे. महिनाभर पट्टा होता. पाचव्या आठवड्यात मी अख्खं दार ठोकून सरळ केलं! मुकाईला हे माहीत आहे. तेव्हा दार धरायला तोच आला होता.

म्हणजे गाडी अशी मिळवली तर! माझं नाक कापून!

२० फेब्रुवारी

सारखी बॅट डोळ्यांपुढे येते.

उस्तादांची बॅट. त्यांच्या मुलाची शाळेतली, बेसबॉलची. मुलगा खेळणं सोडून कोबेला गेला, बॅट गॅरेजमध्ये राहिली. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये ती घालायची, गाडी हळूहळू ढकलायची. बॅट फिरत जाते आणि मडगार्डाची आतली कड वर दुमडत जाते. आता यंत्रं आलीत, पण यंत्राला रंग कधी तडकणार ते कळत नाही. बॅटीवरच्या हाताला कळतं. तीस वर्षांत तिचं लाकूड तेलाने काळं झालं.

उस्ताद गेले तेव्हा सगळे धरून चालले होते, बॅट हातानोला. मीसुद्धा. त्यांनी मुकाईला दिली. मला म्हणाले, "तुला बॅट लागत नाही. त्याला लागेल."

कौतुक होतं की तोंडाला पानं पुसली, सहा वर्षं झाली, अजून ठरत नाही.

३ मार्च

फुसाएला मुकाईची बायको दिसत नाही हल्ली. दोन पोरांना घेऊन वाकायामाला माहेरी गेलीये, नवीन वर्षाच्या आधीपासून. मी म्हटलं, माहेरचं घर मोठं करून दिलं असेल त्याने, म्हणून मुक्काम. फुसाए म्हणाली, "तो किती वाळलाय, बघितलंत?"

म्हटलं, ज्यांचं बरं चाललंय तेच वजन कमी करत बसतात.

दुकानावरची पाटीपण उतरवली म्हणे. इतकं काम की पाटीची गरज नाही! मासिकवाले फोटो काढायला आले तर त्यांना दारातून परत पाठवलं. मासिकवाल्यांना! मी नऊ वर्षांपूर्वी आलेलं माझं अर्धं पान अजून चौकटीत लावून ठेवलंय.

१० मार्च, शनिवार

मुकाई आला होता. स्वतः!

आरिदाच्या संत्र्यांची पेटी घेऊन. दुपारी अडीचला. बाहेर रस्त्यावर त्याची गाडी चालू ठेवलेली आणि गाडीत स्टिअरिंगवर कुणी दुसराच माणूस. म्हणजे आता ड्रायव्हरपण ठेवलाय! माझ्याकडे रंगाच्या खोलीतला पंखा बंद पडलाय आणि हा ड्रायव्हर ठेवतो.

आत आला, इकडेतिकडे बघितलं. मी दाईच्या गाडीखाली होतो, बाहेर आलो नाही. तो खाली वाकून म्हणाला, "दादा, बरंय ना?"

"माझं मनगट गेलंय ना? कसं असणार!"

मला वाटलं माफी मागेल. तर म्हणतो काय — "दादा, थोडे दिवस पट्टा बांधून हिंड ना."

मी गाडीखालून सरकून बाहेर आलो. "काय म्हणालास?"

"मनगटाला. जुना असेल ना घरी? बाहेर जाताना बांधत जा. आणि या महिन्यात बंदरावर गाड्या जमणार आहेत, तिकडे नको येऊस."

"का? तुझी फजिती होईल?"

बाहेरच्या माणसाने एकदा हॉर्न वाजवला. छोटासा. मुकाई लगेच उभा राहिला, मोठ्याने म्हणाला, "काळजी घ्या दादा, हाताला आराम द्या!" — सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आणि गेला.

मी संत्र्यांची पेटी शेजारच्यांना देऊन टाकली. फुसाए म्हणाली, निदान दोन तरी ठेवायची. खरं तर मलाही खायची होती.

११ मार्च

पट्टा बांध म्हणे! बांधतो. त्याच्या तोंडाला बांधतो.

२५ मार्च, रविवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

सकाळी नऊला बंदरावर पोचलो. दीडशे तरी गाड्या. काळ्या, पांढऱ्या, मोतिया. ऊन छान होतं. पोरं नूडल्सचे कप हातात घेऊन हिंडत होती, मला बघून वाकत होती, पण नजर सगळ्यांची उजव्या हाताकडे. एकाने तर माझ्या हातातला कॉफीचा कॅन घेतला — "काका, मी धरतो."

भाजीवाल्याच्या मुलाने, नोगामीने, नवीन रुंद चाकं लावून आणली होती. मागचं टायर मडगार्डाच्या कडेला घासत होतं. चारचौघं डोकं धरून उभे. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, मी करतो.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. नोगामी म्हणाला, "नको काका, रंग परवाच केलाय. मुकाईसान आलेत, त्यांनाच विचारतो."

तेव्हा मुकाई दिसला. लांब कठड्यापाशी, त्याच्या व्हॅनला टेकून. बाजूला दोन माणसं, साधे सूट, साधे बूट. गिऱ्हाइकं असतील. व्हॅनचं मागचं दार उघडं आणि आत — बॅट.

मी सरळ गेलो. "उस्तादांची बॅट दे."

"राहू दे दादा. हात दुखेल."

सगळे हसले. म्हणजे हसले नसतील, मला तसं ऐकू आलं. मी आत हात घालून बॅट घेतली. मुकाईने माझं मनगट धरलं — घट्ट धरलं! — आणि अगदी हळू म्हणाला, "दादा, नको. आज नको." मी झटकून टाकलं.

मग केलं. गरम हवेच्या बंदुकीने कड तापवली, हाताची पाठ लावून अंदाज घेतला. टायरवर बॅट ठेवली. पोरांना म्हटलं, ढकला, मुंगीसारखं. बॅट फिरायला लागली आणि हातात सगळं परत आलं. पत्रा कुठे ऐकतोय, कुठे अडतोय, रंग कुठे कुरकुरणार. तीनदा पुढे, तीनदा मागे. नोगामीने खाली बसून कड बघितली, बॅटरी मारून बघितली. एक तडा नाही. केसाएवढासुद्धा नाही!

टाळ्या वाजल्या. दीडशे गाड्यांच्या मधे माझ्यासाठी टाळ्या. छातीत भरून आलं, खोटं कशाला लिहू.

त्या दोघांतला चिंचोळ्या तोंडाचा पुढे आला. कडेखालून बोट फिरवलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जाणकार माणूस.

"मनगट ठीक दिसतंय," तो म्हणाला.

"कधी बिघडलंच नव्हतं!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

मुकाईकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. जळाला! तीन वर्षं मी जळत होतो, आज तो जळाला. बॅट त्याच्या हातात परत दिली तर त्याला नीट धरतासुद्धा येईना.

२६ मार्च

सकाळपासून चार फोन. नोगामीची दोस्तमंडळी. फुसाएने पापलेट भाजलं. दोन वाट्या भात खाल्ला.

६ एप्रिल, शुक्रवार

पेपरात आलंय. छोटीशी चौकट. ताकीद देऊनही सोनोदा टोळीच्या गाड्यांचं काम चालू ठेवलं म्हणून साकाईतल्या एका गॅरेजचं नाव जाहीर. मुकाईचं.

पहिल्यांदा गोड वाटलं. चहाचा घोट घेतल्यासारखं. लिहून ठेवतो, कारण नंतर मी हे नाकबूल करेन.

जेवणाच्या सुट्टीत सायकलने तिकडे जाऊन आलो. शटर बंद. शेजारची बाई म्हणाली, जागेच्या मालकाने परवाच किल्ली घेतली. बँकेने तर मागच्या वर्षीच हात वर केले होते. "वर्षभर तो यातून बाहेर पडायला बघत होता हो. तुम्ही ड्रायव्हर म्हणता, तो ड्रायव्हर कसला? टोळीने पाळत ठेवायला बसवलेला माणूस होता तो. मुकाईसान बायको-मुलांना लांब ठेवून आला, पण स्वतःला सोडवता आलं नाही."

समोरच्या चेरीची फुलं शटरपुढे साचली होती, कुणी झाडली नव्हती. मी तिथला झाडू घेऊन झाडली. का ते माहीत नाही.

त्याचा फोन लागत नाही.

७ एप्रिल

लागत नाही.

१२ एप्रिल, गुरुवार

सकाळी साडेनऊला काळी सेल्सिओर माझ्या दारात येऊन थांबली. बंदरावरचा तो चिंचोळ्या तोंडाचा उतरला. कमरेतून वाकला.

"साहेबांना तीन वर्षांपूर्वी तुम्हीच हवे होतात. मुकाई म्हणाला, दादांचं मनगट गेलं, मी करतो. दर वेळी विचारलं, दर वेळी तेच. आम्ही खरं धरून चाललो."

मी म्हटलं, माझं दुकान लहान आहे.

"त्याचंही लहानच होतं."

पुढच्या सीटवर उस्तादांची बॅट होती. त्याने ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "ही आता त्याला लागणार नाही."

फुसाए आत दारापाशी उभी होती. तिच्या हातात माझा जुना पट्टा होता, कुठून शोधला कुणास ठाऊक. मी बॅट घेतली. उजव्या हातानेच घेतली.