बाबांची मरळ

रविवार, संध्याकाळ

सकाळी बाबांना मोटारसायकलवर मागे बसवून किन्हीराजाजवळच्या तलावावर नेलं. पाऊस सरलाय, ऊन कोवळं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी चाललेली. लकवा मारल्यानंतर बाबा पहिल्यांदाच गळ टाकायला निघाले होते. वाटभर बोलत होते.

गांडूळ मी लावलं, काठी त्यांनी धरली. बऱ्याच वेळाने एक मोठी मरळ लागली. त्यांचा हात थरथरायला लागला आणि मी काठी घेतली. घेतली कसली, हिसकावलीच. "थांब वं, मी काढतो," म्हणत होते ते. मला ऐकू आलं होतं. मासा निसटेल, एवढंच डोक्यात. निसटला असता तर काय बिघडलं असतं?

घरी आल्यावर आईने विचारलं, "कोनं धरली एवढी मोठी?"

"पोरीनं," बाबा म्हणाले. काठी त्यांच्या हातात होती, हे सांगायला मला किती वेळ लागला असता? वर रस्सा दोनदा वाढून घेतला.

आत्ता अंगणात त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, पुढच्या रविवारी जाऊ ना?"

"जाऊ ना. तू टाकजो गळ. मी पाहत बशीन."