सरळ केलेली दांडी

सोम. १० फेब्रु.
भाभी निमगावहून पहिल्या एसटीनं बारामतीला, थेट दुकानात. थोरला भाई गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडली. पिशवीत भाईचं इंजिन, त्याच्याच लुंगीत गुंडाळलेलं. दौंडला रेल्वेत चालवायचा तसलंच हुबेहूब, रिटायर झाल्यावर पत्रा नि पितळी तारेतून केलेलं. मयतीच्या दिवशी शोकेस सरकवताना पडलं. भोंगा निखळला, पुढची काच फुटली, पायरी लोंबतीय.
"मुनीर, जसं हुतं तसं करून दे. चाळीसाव्या दिवशी त्याच्या जागेवर पायजे."
म्हटलं, भाभी, मी चष्मेवाला.
"मग? असली बारकी कामं तुझ्याबिगर कोण करतंय?"
हो म्हटलं. काही वाटलं नाही. दफनाच्या दिवशीही नव्हतं वाटलं.

बुध. १२
गिऱ्हाईक कमी. पायरी बसवली, चष्म्याच्याच स्क्रूनं. खिडकीला नव्या फ्रेममधली डमी काच कापून लावली. भाई असता तर विचारलं असतं, "नंबर किती टाकलास?" हसू नाही आलं. डबा खाल्ला.

शनि. १५
भोंगा दोनदा चिमट्यातून उडाला. काउंटरखाली गुडघ्यावर बसून शोधला, चिकटवला. बायकोचा फोन: "रडा की एकदा. मोकळे व्हाल." रडणं काय दुकानात मिळतं?
मग एक गि., स्वतःच्याच चष्म्यावर बसलेलं. त्याची काडी सरळ केली. त्याच झपाट्यात इंजिनाची पुढची, चढताना धरायची दांडीपण. वाकली होती. पडून वाकली असणार. आता एकदम रेघेसारखी. काम संपलं.

मंगळ. १८
भाभी न्यायला आली. काच बघितली, भोंगा बघितला. व्हय, व्हय म्हणत होती. बोट पुढच्या दांडीवर गेलं नि थांबलं.
"ही सरळ कुणी केली?"
खऱ्या इंजिनाचीच वाकडी होती म्हणे. भिगवणच्या पुढं म्हैस आडवी आली होती. भाईनं मुद्दाम तशीच केलेली. "समदी हसायची, म्हणायची सरळ कर. केली न्हाय त्यानं."
वाकडं दिसलं की माझा हात सरळ करतो, अक्कल मागून येते. भाईच्या हातचा बाक मी घालवला.
भाभीनं इंजिन नेलं नाही.

गुरु. २०
भाभी फोटो घेऊन आली. भाई खऱ्या इंजिनाशी उभा, तीच दांडी धरून. बाक नेमका मुठीत झाकलेला.
दांडीची तार काढून घेतली. पितळ सारखं इकडं-तिकडं केलं की तुटतं, म्हणून गॅसवर तापवून मऊ केली. भाभी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर.
"वाकव. मी बस म्हणलं की थांब."
थोडी वाकवली.
"अजून."
थोडी.
"अजून जरा..."
अजून जरा वाकवली. वर बघितलं तर चष्मा काढून पुसत होती.
"भाभी, बस?"
"मुनीर, मलापण नीट आठवंना रं."
मग रडलो. भर दुकानात. एक गि. दारातूनच परत गेलं.
रविवारी चाळीसावा. दांडी काउंटरवर, अर्धी वाकलेली.