सिंहाने भरीत खाल्लं

सिल्वासा,
१९ जानेवारी २०२५

ती. नलिनीआत्यास,
कीर्तीचा शि. सा. न. वि. वि.

कामाचं फोनवर बोलावं आणि मनातलं पत्रात लिहावं, हा तुझा कायदा मी इथेही पाळते आहे. पुण्याच्या कंपनीत इतकी वर्षं व्हिडिओ गेम बनवल्यावर आता कॉलेजात ते बनवायला शिकवते, हे इथे सगळ्यांना सांगून मी दमले. कॉलेजने पहिल्याच दिवशी माझ्या हातात शिट्टी आणि चेंडूंच्या खोलीची किल्ली ठेवली. घरमालकीणबाई नातवाला खो-खोत घ्या म्हणून मागे लागल्यात. प्रजासत्ताक दिनाची पोत्यांची शर्यतही मीच लावायची आहे. नाही म्हणायला गेले, तर शिपाई म्हणाला की मॅडम, खेळाच्या तुम्हीच ना.

पोरं मात्र गोड आहेत. गुड्डीचं घर मूळचं जळगावकडचं. वडील धाग्याच्या कारखान्यात आहेत, आई कामगारांना डबे पुरवते. म्हणून तिच्या गेममधली मुलगी सायकलवरून डबा घेऊन निघते आणि जेवणाच्या भोंग्याआधी तो कारखान्यात पोचवते. तिच्या जोडीला नवनाथ आहे. त्याला कुठल्याही गेममध्ये सिंह लागतोच. त्यामुळे अथालच्या फाट्यावर वळण चुकलं की सायकल थेट वासोण्याच्या सफारीतल्या सिंहापुढे जाते आणि तो डबा फस्त करतो.

आमच्या धंद्यातला पहिला धडा मी त्यांना दिलाय. दुसरा कुणी आपला गेम खेळत असेल तेव्हा बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, तो कुठे अडखळतो ते नुसतं बघायचं. पोरं याला ‘मौनाचा तास’ म्हणतात.

काळजी एकच आहे. मार्चच्या प्रदर्शनात संस्थेचे अध्यक्ष सुकदेवभाई स्वतः गेम खेळणार आणि आमचा वर्ग पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार. बंद झाला तर मला पुण्यात नोकरी मिळेल, पण गुड्डीला वडिलांच्या कारखान्यात घालायचं घरात ठरलंय. सोबत गेमचा कागदी नमुना पाठवते. खेळून कळव.

लोभ करतेसच, त्यात हात आखडू नकोस.

तुझी,
कीर्ती

⁂

नाशिक,
२ फेब्रुवारी

चि. कीर्तीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गप्प बसून शिकवायचं, हे वाचून मला हसू आवरेना. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं ते घसा बसेपर्यंत बोलून.

शेजारच्या वसंतरावांबरोबर तुझा खेळ खेळले. ते लबाड आहेत, फाट्यावरची चिठ्ठी आधीच उलटून बघतात. मी प्रामाणिक, म्हणून माझा डबा सिंहाच्या पोटात गेला. त्यात भरीत-भाकरी होती म्हणे. सिंहाला वांगं चालतं हा शोध तुमच्याच कॉलेजात लागलेला दिसतो.

एक सांगते, पटलं तर घे. वाट कळेना की मी आपली टपरीपाशी थांबते आणि विचारते. तुमच्या खेळात थांबताही येत नाही आणि विचारताही येत नाही. असं गाव असतं का कुठे? हल्ली मला कुणी काही विचारत नाही, ती गोष्ट वेगळी. गल्लीतली मुलं गणितसुद्धा फोनला विचारतात. पण मी विचारायचं सोडलेलं नाही.

शर्यतीत कोण जिंकलं ते कळव. माया आहेच, पत्र वेळेवर आलं की ती दुप्पट होते.

तुझी,
आत्या

⁂

सिल्वासा,
९ मार्च

ती. आत्यास,
कीर्तीचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, घोटाळा झाला. तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं होतं. पोरं हसली, मीही हसले. खेळणाऱ्याने वाट स्वतः शोधायची असते, विचारायची नसते, असं मी ऐटीत सांगितलं.

काल सुकदेवभाई सगळ्या पाहुण्यांसमोर गेम खेळायला बसले. फाट्यावर आले, वळले, सिंहाने भरीत खाल्लं. पुन्हा आले, पुन्हा खाल्लं. मागून त्यांच्या सौभाग्यवती खुदकन हसल्या. मग त्यांनी गुड्डीला वाट विचारली, की बेटा, रस्तो कई बाजू? गुड्डीने ओठ मिटून पडद्याकडे बघितलं. नवनाथला विचारलं, तर त्याने वहीत लिहून घेतलं की काका चिडले. शेवटी माझ्याकडे वळले. आणि मी, मौनाची मुख्याध्यापिका, गोड हसले!

या वर्गात कुणालाच काही येत नाही, असं म्हणून ते चहा न घेता निघून गेले. ते गेल्यावरही पोरं गप्पच होती, कारण मौन सुटलं असं मी सांगितलंच नव्हतं. मग गुड्डी रडायला लागली. मॅडम, मी डोळ्यांनी सांगत होते ना, म्हणाली.

महिनाअखेरीला संस्थेची बैठक आहे. मी पुण्याला परत जाणार का, असं पोरं विचारतात. मला भीती वाटते आत्या. काय करू?

रागावलीस तरी लोभ तेवढा सोडू नकोस.

तुझी,
कीर्ती

⁂

नाशिक,
१४ मार्च

चि. कीर्तीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही, पण कान धरावासा वाटला. अगं, तो माणूस डबा टाकून लगेच उठला नाही, वाट विचारत राहिला. ज्याला पोचायचंच नसतं तो कशाला विचारेल? तू त्याचे हात बघितलेस, बोलणं ऐकलं नाहीस. फाट्यावर टपरी टाका आणि त्यांना पुन्हा बोलाव. बोलवायला स्वतः जा, चिठ्ठी पाठवू नकोस.

धीर धर. माझा जीव तुझ्यापाशीच आहे.

तुझी,
आत्या

⁂

सिल्वासा,
३० मार्च

ती. आत्यास,
कीर्तीचा आनंदाने उड्या मारत शि. सा. न. वि. वि.

मी गेले. झालं ते सांगितलं आणि माफी मागितली. सुकदेवभाई आधी घुश्शातच होते. मग हळूच विचारलं की तो सिंह अजून आहे का?

गुड्डीने फाट्यावर चहाची टपरी टाकली आहे. तिथे चष्मा लावलेली एक बाई बसते. वाट विचारली की सांगते, पण आधी तू कुणाची, जेवलीस का, इतक्या उन्हात टोपी का नाही, हे सगळं काढते. तोवर भोंगा जवळ येत असतो. तुझी पत्रं ऐकून गुड्डीने ती बेतली आणि नाव ठेवलं नलिनीमावशी. मला विचारलंही नाही.

सुकदेवभाईंनी पुन्हा खेळायला बसून तिला वाट विचारली. तिची बडबड ऐकून म्हणाले की ही तर डिट्टो आमची मोठी बेन. डबा भोंग्यानंतर पोचला, पण पोचला. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सौभाग्यवतींकडे बघितलं.

कालच्या बैठकीत वर्ग चालू ठेवायचं ठरलं. गुड्डीच्या आईने सगळ्यांना खरं भरीत खाऊ घातलं. शिट्टी मात्र परत घ्यायला कुणी तयार नाही. गेम फोनवर चालतो. वसंतरावांच्या नातवाकडे पाठवला आहे.

लोभ आता सगळ्या वर्गावर करावा लागेल.

तुझी,
कीर्ती

⁂

नाशिक,
५ एप्रिल

चि. कीर्तीस,
आणि गुड्डी, नवनाथ व सर्व मुलांस आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गेम खेळले. फाट्यावर आले आणि टपरीपाशी थांबले. चष्मा माझाच, नाकावर घसरलेला. वाट मला पाठ आहे, तरी विचारली. बाई जी सुरू झाली ती थांबेचना, आणि माझा डबा चांगलाच उशिरा पोचला.

वाट ठाऊक असताना थांबलात कशाला, असं वसंतराव म्हणाले. त्यांना काय सांगू? निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं गं. आणि तिकडे येणारा-जाणारा प्रत्येकजण मलाच वाट विचारतो. फार बरं वाटलं. थोडी रडलेही.

मावशी बोलते फार, तिला आवरायला हवं, असं कुणी गुड्डीला सांगेल. तिला म्हणावं, ऐकू नकोस. लोक जरा उशिरा जेवतील.

तुम्हा सगळ्यांवर लोभ करणारी,
नलिनीमावशी, अथाल फाटा