साहेबाच्या बंगल्यात गुलछडी

८ नोव्हेंबर १९९८

पालथं झोपायचं! पंधरा दिवस! आणि ते कोणी, तर जेवता जेवता तीनदा उठणाऱ्या आमच्या कमळाबाईंनी! डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय, आत गॅस भरलाय, तोंड खालीच हवं — डॉक्टरांनी बजावलंय. हिचा दुसरा डोळा लहानपणापासूनच अधू. सगळी भिस्त या एकावर. हा बरा झाला तर ही पुन्हा फुलांच्या दुकानात बसणार. नाही झाला तर — जाऊ दे, ते लिहीत नाही.

१० नोव्हेंबर

मेहुणी भागीबाई मखमलाबादहून सोबतीला आली. येताना भजनाच्या कॅसेटी घेऊन आली. ही उशीतूनच ओरडली, "मी काय मेलेय का?"

मग मीच वाचनालयातून एक जुनी इंग्रजी रहस्यकादंबरी आणली. बंगला, खून, गुप्तहेर, सगळं साग्रसंगीत. वाचत वाचत मराठी करायचं आणि टेप करायचं. पहाटे कंपनीची बस यायच्या आत कॅसेटची एक बाजू होते. दिवसभर मी अंबडला कारखान्यात आणि ह्या दोघी बहिणी लंडनला!

११ नोव्हेंबर

कॅसेटमध्ये कुकरच्या शिट्ट्या आल्या. भागीबाईला वाटलं, पोलीस आले.

१४ नोव्हेंबर

आज भांडण. कारण — व्याकरण!

संध्याकाळी घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच हिने निकाल सुनावला — खून बाईने केला. कशावरून? "तुम्हीच म्हणालात ना, 'ती व्यक्ती अंधारात शिरली'? ती म्हणजे बाईच!"

म्हटलं, अगं, व्यक्ती कोणीही असो, मराठीत 'ती'च.

"मग माणूस म्हणायचं. फसवता कशाला?"

माणूस म्हटलं की 'तो' झाला, बायका सुटल्या. शेवटी शक्कल लढवून पुढच्या कॅसेटमध्ये सगळीकडे 'ते आले, ते गेले' केलं. त्यावर भागीबाई — "दाजी, खुन्याला अहोजाहो? जावई हाय का तो?"

पालथ्या पडल्या पडल्या ही इतकी हसली की मला डोळ्याची काळजी वाटली.

१७ नोव्हेंबर

तपासणी. डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत बोलावलं. पडदा पुन्हा सुटला. आता काही करता येणार नाही, पालथं झोपायचीही गरज नाही. "बाईंना तुम्हीच सांगा."

बाहेर आलो. "काय म्हणाले?" — "सुधारणा आहे, आता पालथं झोपायला नको. गॅस विरेपर्यंत धुकंच दिसणार." तोंडाला आलं ते बोलून गेलो. फार वाईट वाटतंय. भीतीही वाटते.

ही कादंबरी संपली की सांगतो. दोनच कॅसेटी उरल्यात.

२१ नोव्हेंबर

दोन्ही कॅसेटी भरल्या. खुनी सापडला नाही. मीच सापडू दिला नाही. पुस्तकात नसलेला एक माळी आणून उभा केला.

ही म्हणाली, "हा माळी आजवर कुठं होता?"

"गावाला गेला होता."

"अन् साहेबाच्या बंगल्यात गुलछडी कशी? ती तर आपल्याकडची!"

आता काय सांगणार! पुस्तक मिटून बोलायला लागलो की तोंडात आपलीच फुलं येतात.

२६ नोव्हेंबर

मेलेल्या साहेबाला तीन चुलतभाऊ दिले. बांधावरून वाद लावून दिला. तलाठीही आणला. भागीबाई म्हणते, "इंग्रजांत पण भाऊबंदकी लय हाय, नाय का?"

आज सांगणारच होतो. पण हिने विचारलं, "पुढची कॅसेट झाली का?" — झालं, ऐन वेळी कच खाल्ली.

३० नोव्हेंबर

वाचनालयाने पुस्तक परत मागितलं. देऊन टाकलं. आता सगळं माझ्याच डोक्यातून. काल चुकून खून झालेल्या साहेबालाच चहा पाजला. एरवी हिने फाडून खाल्लं असतं. आज नुसती "बरं" म्हणाली.

४ डिसेंबर

आज कॅसेट लावायला गेलो तर हिने माझा हात धरला.

"डोळा गेला ना?"

कॅसेट खाली ठेवली. मग विचारलं — तुला कोणी सांगितलं?

"त्या दिवशी दवाखान्यातनं येताना रिक्षावाल्यानं दहा रुपये जादा मागितले. अन् तुम्ही भांडला नाय."

सतरा दिवस झाले त्याला. मला रडू आवरेना. डोळा हिचा गेला आणि माझीच पाठ हिने थोपटली.

"गोष्ट संपली की तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते हो. पण ती काय संपंना!"